चवदार तळ्याचा दावा : कायदा, रूढी आणि राजसत्ता

सार्वजनिक निधीतून बांधलेले वा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तथापि स्पृश्यांच्या विरोधामुळे हा हक्क कागदावरच राहिला, कारण तो बजावण्याचे उत्तरदायित्व राज्यसंस्थेने स्वीकारले नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेच्या प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये काही स्पृश्यांनी तळे खासगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. येथे एक विसंगती लक्षात येते. अस्पृश्यांचा हक्क सांगणारा ठराव तीन वर्षे निष्प्रभ राहिला होता. रूढीच्या बाजूचा हुकूम मात्र तत्काळ परिणामकारक ठरला. त्या महिन्यातील परिषदेने मनुस्मृतीचे दहन केले. परंतु न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही, असे ठरवून तळ्यावरील सत्याग्रह स्थगित केला.

दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये आंबेडकरांच्या बाजूने दिला. त्याचा आधार मात्र समतेचे तत्त्व हा नव्हता. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. ती सिद्ध झाली असती, तर कायद्याने तिला संरक्षण दिले असते, हा त्याचा अटळ अर्थ होय. विजय मिळाला, पण तो पुराव्याच्या उणिवेवर उभा होता.

ही उणीव संविधानाने भरून काढली. कलम १५(२) मध्ये विहिरी व तलाव यांचा नामोल्लेख आहे, तर कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी शून्यवत ठरविणारे कलम १३ तर त्या दाव्यातील मूळ प्रश्नालाच उत्तर देते. पुढे १९५५ च्या अधिनियमाने शिक्षेची तरतूद केली. कायद्याने रूढीचा पुरावा मागण्याऐवजी रूढीलाच जाब विचारावा, हे स्थित्यंतर घडण्यास महाडनंतर जवळजवळ पाव शतक लागले. ते ज्यांच्या मसुद्यातून साकारले, ते मसुदा समितीचे अध्यक्ष त्या दाव्यातील प्रतिवादी होते.