लोकप्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण, महाराष्ट्रातील

शासनाची धोरणे अमलात आणणाऱ्या यंत्रणेची रचना, कार्यपद्धती, सेवकवर्ग, वित्तव्यवहार आणि उत्तरदायित्व यांचा पदवीनंतर विद्यापीठीय पातळीवर केला जाणारा पद्धतशीर अभ्यास, म्हणजे लोकप्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण होय. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास साधारणतः दोन वर्षांत एम्. ए. ही पदवी देणारे अभ्यासक्रम हे त्याचे भारतातील रूढ स्वरूप आहे. प्रशासकीय सिद्धांत, सेवक प्रशासन, वित्तीय प्रशासन, तुलनात्मक प्रशासन, विकास प्रशासन, स्थानिक शासन व संशोधनपद्धती हे त्यांतील प्रमुख विषय होत. महाराष्ट्रात या शिक्षणाचा प्रारंभ नागपूर येथे झाला आणि पुढे ते अन्य विद्यापीठांत, मुक्त विद्यापीठात, तसेच पुण्याजवळच्या लोणी काळभोरसारख्या गावापर्यंत पोहोचले. मात्र ही पदवी आणि प्रत्यक्ष शासकीय सेवा यांचा सांधा कधीच पुरता जुळला नाही. या शिक्षणाचा इतिहास हा बव्हंशी या न जुळलेल्या सांध्याचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : राज्यकारभाराचे ज्ञान लेखनबद्ध करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकांत दप्तर, पत्रव्यवहार व हिशेब यांविषयीचे संकेत आढळतात. शिवकालात राज्यव्यवहारकोशाद्वारे कारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्य यांनी आज्ञापत्रात राजधर्म, दुर्गव्यवस्था, साहुकार, आरमार इत्यादींची चर्चा केली. असे असले, तरी कारकुनी ज्ञान घराण्यात व दप्तरात उमेदवारीनेच मिळत असे. मोडी लिपी, जमाखर्च आणि वहिवाट ही त्याची तीन अंगे होती. ते शिकविणारी सार्वजनिक संस्था नव्हती.

ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलकी नोकरांच्या शिक्षणासाठी कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज (१८००) व इंग्लंडमध्ये ईस्ट इंडिया कॉलेज (१८०६) स्थापन केले. दुसरे महाविद्यालय पुढे हेलिबरी या नावाने प्रसिद्धीस आले. १८५४ च्या मेकॉले समितीच्या अहवालानंतर नेमणुकांऐवजी खुली स्पर्धा परीक्षा आली (१८५५) आणि हेलिबरी बंद झाले (१८५८). ज्याचे सर्वसाधारण शिक्षण उत्तम, तो प्रशासनातही उत्तम ठरेल. कामाचे विशेष ज्ञान त्याला निवडीनंतर देता येईल, अशी या समितीची भूमिका होती. स्वतंत्र भारतानेही भरतीचे हे तत्त्व मुख्यतः कायम ठेवले. लोकप्रशासनाची पदवी सेवाप्रवेशाची पूर्वअट कधी झाली नाही, याचे मूळ येथे आहे.

विद्याशाखेचा उदय : लोकप्रशासन ही स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून प्रथम अमेरिकेत विकसित झाली. वुड्रो विल्सन यांच्या १८८७ मधील लेखाने तिचा आरंभ मानला जातो. तथापि तिच्या शिक्षणाला चालना मिळाली, ती नगरांच्या कारभारातील भ्रष्टाचार व उधळपट्टी यांविरुद्धच्या चळवळीतून. न्यूयॉर्कमध्ये १९०६ साली स्थापन झालेल्या नगरसंशोधन संस्थेने १९११ मध्ये लोकसेवेच्या प्रशिक्षणाचे विद्यालय काढले. १९२४ मध्ये ते सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल स्कूलमध्ये विलीन झाले व तेथे लोकप्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. रस्ते, पाणी, कर व हिशेब हे या शिक्षणाचे पहिले विषय होते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या संदर्भात महत्त्वाची आहे. कारण येथेही या विषयाने प्रवेश केला तो स्थानिक शासनाच्या दारातून.

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात नगरपालिका व लोकल बोर्डे यांचा विस्तार झाला आणि त्यांच्या सेवकांना शिक्षण देण्याची निकड भासू लागली. या गरजेतून १९२६ मध्ये मुंबईत स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीचे शिक्षण देणारी संस्था निघाली. आज ती अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था म्हणून ओळखली जाते. १९३० नंतरच्या दशकात लखनौ व मद्रास विद्यापीठांनी लोकप्रशासनाच्या पदविका सुरू केल्या. भारतातील या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग मात्र १९४९-५० च्या सुमारास नागपूर विद्यापीठात ‘लोकप्रशासन व स्थानिक स्वशासन’ या नावाने स्थापन झाला. त्याच्या उभारणीत एम्. पी. शर्मा यांचा मोठा वाटा होता व त्यांचा इंग्रजी पाठ्यग्रंथ पुढे देशभर वापरला गेला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. त्या प्रांताने १९४८ च्या कायद्याने जिल्हा लोकल बोर्डांऐवजी जनपद सभांची योजना हाती घेतली होती. विभागाच्या नावात स्थानिक स्वशासनाला मिळालेले स्थान या काळाशी सुसंगत होते.

राष्ट्रीय पातळीवर ए. डी. गोरवाला (१९५१) व पॉल ॲपलबी (१९५३) यांच्या अहवालांनी प्रशासनाच्या अभ्यासाकडे लक्ष वेधले. ॲपलबी यांच्या शिफारशीनुसार १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली. जवाहरलाल नेहरू तिचे पहिले अध्यक्ष होते. संस्थेची महाराष्ट्र प्रादेशिक शाखा मुंबईत आहे.

राज्यनिर्मितीनंतरचा काळ : १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली, तेव्हा नागपूरचा विभाग नव्या राज्यात होताच. पुणे विद्यापीठात (स्थापना १९४९) हा विषय राज्यशास्त्राच्या जोडीने शिकविला जाऊ लागला व तेथील विभागाच्या नावातही राज्यशास्त्र व लोकप्रशासन अशी जोडी आली. राज्यातील बहुतेक ठिकाणी हा विषय असाच राज्यशास्त्राच्या आश्रयाने वाढला. त्यामुळे त्यास अध्यापक मिळाले. पण लेखांकन, कायदा, सांख्यिकी, नगररचना यांच्याशी त्याचा संबंध क्षीण राहिला.

वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून नव्या संस्था अस्तित्वात आल्या [⟶ पंचायत राज्य]. शिक्षण, आरोग्य, बांधकाम, शेती अशी खाती जिल्हा परिषदांकडे सोपविली गेल्याने, निर्वाचित सभासद व सनदी अधिकारी यांचे संबंध हा अभ्यासाचा मोठा विषय झाला. अमेरिकन पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांऐवजी जिल्ह्यातील उदाहरणे विद्यार्थ्यांसमोर ठेवण्याची संधी त्यातून मिळाली व अनेक प्रबंधांचे विषय याच संस्थांतून आले.

याच काळात परिभाषेचा प्रश्न पुढे आला. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९३१ मध्ये सयाजीशासनशब्दकल्पतरु  सिद्ध करवून या कामाचा पाया घातला होता. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला. पदनाम, शासनव्यवहार व विविध शास्त्रे यांचे कोश निघाले. ‘प्रत्यायोजन’, ‘विनियोजन’, ‘उत्तरदायित्व’ यांसारखे शब्द त्यामुळे स्थिर झाले. मराठीतून पदव्युत्तर परीक्षा देणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यास याचा लाभ झाला, तरी संदर्भग्रंथ बव्हंशी इंग्रजीतच राहिल्याने पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन त्यास दुष्कर ठरले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे (१९८९) नोकरी करणाऱ्यांनाही मराठीतून विद्यापीठीय शिक्षण घेणे शक्य झाले.

स्पर्धा परीक्षा व पदवी : या विषयाची लोकप्रियता वाढली ती परीक्षेच्या नियमांमुळे. संघ लोकसेवा आयोगाने नागरी सेवा परीक्षेत १९८७ पासून लोकप्रशासनास स्वतंत्र ऐच्छिक विषयाचे स्थान दिले. अभ्यासक्रम आटोपशीर, आणि सामान्य अध्ययनास व मुलाखतीस उपयोगी, म्हणून अन्य शाखांचे पदवीधरही त्याकडे वळले. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत व शिकवणी वर्गांत तो परिचयाचा झाला. अनेक तरुण-तरुणी परीक्षेची तयारी चालू असता पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेऊ लागले. वसतिगृह, ग्रंथालय आणि घरच्यांना सांगता येईल असा एक मार्ग, हे तिन्ही त्यामुळे मिळत. वर्गाची पटसंख्या वाढली. पण विद्यार्थ्याचे लक्ष प्रबंधिकेपेक्षा प्रश्नपत्रिकेकडे राहिले.

परीक्षेचे नियम बदलताच चित्र पालटले. २०११ मध्ये पूर्व परीक्षेतील ऐच्छिक विषय गेला व २०१३ मध्ये मुख्य परीक्षेतील दोन ऐच्छिक विषयांऐवजी एकच राहिला. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतून २०१२ मध्ये ऐच्छिक विषय वगळण्यात आले आणि २०२५ पासूनच्या वर्णनात्मक पद्धतीत त्यांची तरतूद पुन्हा करण्यात आली. एखाद्या विद्याशाखेचा चढउतार तिच्या ज्ञानातील प्रगतीवर नव्हे, तर परीक्षेच्या परिपत्रकावर अवलंबून असावा, ही तिच्या दृष्टीने चिंतेची बाब होय. यशस्वी उमेदवारांचे प्रमाण अत्यल्प असते. उरलेल्यांच्या हाती वयाची पंचविशी-तिशी ओलांडल्यावर केवळ ही पदवी असते आणि तिला स्वतंत्र रोजगारक्षेत्र नसते. अध्यापन, संशोधन व स्वयंसेवी संस्था यांतील जागा मोजक्याच आहेत.

या प्रश्नाचा विचार वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने आपल्या दहाव्या अहवालात (२००८) केला. राष्ट्रीय लोकप्रशासन संस्था स्थापन करून तेथे पदवी अभ्यासक्रम चालवावेत, त्यांचे पदवीधर नागरी सेवा परीक्षेस पात्र मानावेत आणि अन्य शाखांच्या पदवीधरांनी त्यासाठी पूरक अभ्यासक्रम पूर्ण करावा, अशी त्याची शिफारस होती. ती मान्य होती, तर मेकॉलेकालीन तत्त्व बदलले असते. परंतु आजही कोणत्याही शाखेचा पदवीधर या परीक्षेस बसू शकतो.

सेवांतर्गत शिक्षण : निवडीनंतरच्या शिक्षणाची व्यवस्था मात्र बळकट होत गेली. राज्य शासनाची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९६३ मध्ये मुंबईत निघाली, १९८४ मध्ये पुण्यास आली आणि १९९० पासून यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी (यशदा) या नावाने ती ओळखली जाते. राज्याने २०११ मध्ये प्रशिक्षण धोरणही स्वीकारले. दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था मध्यम श्रेणीच्या अधिकाऱ्यांसाठी १९७५ पासून दीर्घ मुदतीचा प्रगत अभ्यासक्रम चालविते. अलीकडे भारतीय प्रशासन सेवेतील परिवीक्षाधीन अधिकाऱ्यांना मसुरीच्या प्रशिक्षणानंतर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची सार्वजनिक व्यवस्थापनातील एम्. ए. पदवी मिळते. म्हणजे सेवेत शिरलेल्यास ही पदवी प्रशिक्षणाच्या ओघात लाभते आणि सेवेत शिरू इच्छिणाऱ्यास तिचा प्रवेशासाठी उपयोग होत नाही.

लोणी काळभोर परिसर : पुण्याच्या पूर्वेस सु. २० किमी.वर, पुणे-सोलापूर मार्गावर हवेली तालुक्यात वसलेल्या लोणी काळभोर येथे चित्रपटनिर्माते राज कपूर यांची ‘राजबाग’ ही वाडी होती. त्या जागी २०१५ च्या राज्य अधिनियमान्वये स्थापन झालेले एमआयटी कला, अभिकल्प व तंत्रविज्ञान विद्यापीठ उभे आहे. नागरी सेवांच्या तयारीस विद्यापीठीय पदवीशी जोडणारी स्वतंत्र शाखा तेथे आहे. पदवी व परीक्षा यांचा सांधा जुळविण्याचा खाजगी क्षेत्रातील हा एक प्रयत्न होय.

या शिक्षणासाठी खुद्द हा परिसरच एक प्रयोगशाळा आहे. याच तालुक्यातील लोणीकंद या दुसऱ्या लोणीचे वर्णन टॉमस कोट्स या कंपनीच्या वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केले. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, जमीनधारा व कर्ज यांची नोंद करणारे ते दख्खनमधील खेड्याचे एक आद्य पाहणीवृत्त होय. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी करून १९६० मध्ये ग्रंथ लिहिला. गावगाड्याच्या जागी आज अनेक यंत्रणा आल्या आहेत. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांत लोणी काळभोर नव्हते. मात्र २०२१ मध्येच तेथील पोलीस ठाणे ग्रामीण दलाकडून पुणे शहर पोलीस आयुक्तालयाकडे गेले. नियोजनासाठी २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण निर्माण झाले होते. पाणी व कचरा यांसाठी ग्रामपंचायत, महसुलासाठी तहसीलदार, शाळा व आरोग्य केंद्र यांसाठी जिल्हा परिषद, बांधकाम परवानगीसाठी प्राधिकरण आणि गुन्ह्यासाठी शहर आयुक्त, असे अधिकारांचे वाटप अशा गावाच्या वाट्यास येते. कोणत्या तक्रारीसाठी कोणते दार ठोठवावे, हा तेथील रहिवाशाचा रोजचा प्रश्न हाच लोकप्रशासनाचा पाठ्यविषय आहे.

मूल्यमापन : त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्या (१९९२), माहितीचा अधिकार अधिनियम (२००५) आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम (२०१५) यांनी प्रशासनाविषयीचे ज्ञान नागरिकाच्याही उपयोगाचे केले. या पदवीची उपयुक्तता केवळ वरिष्ठ सेवांतील प्रवेशाने मोजणे त्यामुळे अपुरे ठरते. ग्रामपंचायती, नगरपरिषदा व जिल्हा परिषदा यांना अंदाजपत्रक, लेखापरीक्षण व विकास आराखडा समजणारी माणसे हवी असतात. न्यूयॉर्कप्रमाणे नागपुरातही या विद्याशाखेचा स्थानिक शासनाशी निकटचा संबंध होता. तो संबंध भरतीच्या व पदांच्या नियमांतून पुन्हा प्रस्थापित झाल्यास, परीक्षेत यश न मिळालेल्या पदवीधराच्या श्रमांना अर्थ प्राप्त होईल आणि स्थानिक संस्थांना जाणते सेवक मिळतील. तसे न झाल्यास ही पदवी परीक्षांच्या नियमांबरोबर चढत-उतरत राहण्याचा संभव आहे.