एक शाळा, दोन क्लब

अ आणि ब तुकडीच्या कबड्डी सामन्यांबद्दल या स्मरणिकेत बरेच जण लिहितील. मी तुम्हाला जरा लांबच्या मैदानावर नेते, पण गोष्ट वर्गमित्रांचीच आहे.

शिंटी हा उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला, हायलँड्सचा खेळ. दिसायला हॉकीसारखा, पण काठीच्या दोन्ही बाजू वापरता येतात आणि चेंडू हवेतल्या हवेत टोलवता येतो. एका संघात 12 जण. पैसे कोणालाच मिळत नाहीत. आठवडाभर नोकरीधंदा आणि शनिवारी सामना.

यातला सर्वांत गाजलेला क्लब जेमतेम दीड हजार वस्तीच्या किंग्यूसी गावाचा. खेळाची मध्यवर्ती संघटना 1893 मध्ये याच गावात स्थापन झाली. 1896 चा पहिला कॅमनाख्ड कपही याच क्लबने ग्लासगो कोवलला 2-0 असं हरवून जिंकला.

पण पाच किलोमीटरवर न्यूटनमोर आहे, त्याहूनही लहान गाव. त्यांनी 1907 ते 1910 सलग चार वेळा कप नेला. किंग्यूसीने 1914 मध्ये तो परत आणला आणि महायुद्ध सुरू झालं. स्पर्धा पुन्हा भरली ती 1920 मध्ये. 1921 च्या विजयानंतर किंग्यूसीला पुढचा कप मिळाला थेट 1961 मध्ये. ही 40 वर्षं त्यांनी शेजाऱ्यांच्याच मिरवणुका पाहिल्या.

मग चक्र फिरलं. 1984 मध्ये दोघे पहिल्यांदाच अंतिम सामन्यात भेटले आणि किंग्यूसी जिंकलं. पुढे त्यांनी सलग 20 लीग जिंकल्या, त्याची नोंद गिनीज बुकात झाली. न्यूटनमोरला मात्र 1986 नंतर कपसाठी 25 वर्षं थांबावं लागलं. 2011 मध्ये तो मिळाला, तोही किंग्यूसीला हरवून. 2022 मध्ये किंग्यूसीने मोसमातले चारही प्रमुख करंडक जिंकले.

आता खरी गंमत. दोन्ही गावांची मुलं एकाच शाळेत जातात, किंग्यूसी हायस्कूलमध्ये. शाळेच्या संघात एकत्र खेळतात आणि मोठी झाली की एकमेकांविरुद्ध उतरतात. महिलांचा संघ तर दोन्ही गावांचा मिळून एकच, बॅडनॉक. इतक्या छोट्या वस्तीत एखादी चांगली बॅच निघाली की क्लबची दहा वर्षं सोन्याची होतात. मुलं कमी पडली की कपाटातल्या करंडकांवर धूळ बसते. हरवायला शेजारीच उरला नाही तर जिंकण्यालाही अर्थ नाही, हे दोघांनाही कळतं.

त्यांचा क्लब करंडकांवर नाही, काठी घेऊन मैदानावर येणाऱ्या पुढच्या मुलांवर टिकला आहे. म्हणून या मेळाव्यात फोटो काढून झाले की सरांना आणि बाईंना एक विचारू या: आपल्या मैदानावर आता संध्याकाळी किती मुलं-मुली खेळायला येतात, आणि त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो?