चिंध्या, किटली आणि रेशनचे दिवस

आज आपण बोलणार आहोत किटलीच्या टोपड्याबद्दल. इंग्रज त्याला टी-कोझी म्हणतात. विषय ऐकून काहींना हसू आलं, ते आम्हाला दिसलं. हरकत नाही.

चहा ब्रिटनमध्ये सतराव्या शतकात पोचला. टी-कोझीचा उल्लेख मात्र १८६७ पासून सापडतो. तोवर दुपारचा चहा ही खात्यापित्या घरांतली बैठक झाली होती. गप्पा लांबायच्या, किटली निवायची, म्हणून हे टोपडं.

त्याची रचना साधी आहे. तोटी आणि कान धरून किटलीचं माप घ्यायचं, थोडं सैल ठेवून अर्धगोल आकाराचे दोन भाग करायचे. प्रत्येक भागात तीन थर: वर जोडलेले तुकडे, मध्ये कापूस किंवा जुनं ब्लँकेट, आत अस्तर. तिन्ही थरांतून धावदोरा घालायचा, दोन्ही भाग गोलाईवर जोडायचे आणि खालच्या काठाला पट्टी लावायची. थरांत अडकलेली हवा उष्णता धरून ठेवते. आपल्या गोधडीतही हेच होतं.

आता येऊ दुसऱ्या महायुद्धाकडे. जुलै १९४० मध्ये ब्रिटनमध्ये चहाचं रेशनिंग सुरू झालं. माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे आपल्या हिशेबानं पाच तोळ्यांनाही थोडा कमी. माणशी एक चमचा पत्ती आणि वर किटलीसाठी एक, ही जुनी रीत सोडा, असं सरकार सांगू लागलं. अशा वेळी केलेला चहा निवू देणं परवडणार कसं? टोपडं आता थाटाची वस्तू राहिलं नाही, काटकसरीची झालं.

पुढं १ जून १९४१ ला कपड्यांवरही रेशन आलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं, आणि एका लोकरी झग्याला त्यातली ११ जायची. १९४३ मध्ये सरकारनं ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली. आहे त्यात भागवा, फाटलं ते सांधा, असा तिचा अर्थ. रफू कसं करावं, ठिगळ कसं लावावं, जुनी लोकर उसवून पुन्हा कशी विणावी, हे सगळं तिच्यात होतं.

इथं आपण जरा थांबू या. कूपनं साधारणपणे सगळ्यांना सारखी होती. पण चिंध्या? चिंधी असायला आधी कपडा असावा लागतो. ज्या घरात कपाटं भरलेली होती, तिथं जुन्या चांगल्या कापडाचे तुकडे निघत. ज्या घरात अंगावरचाच झगा पुन्हापुन्हा सांधला जाई, तिथं तुकडा उरणार कुठून? आणि दिवसभराच्या कामानंतर हातात सुई धरणाऱ्या बाईचे ते तास कुठल्याच हिशेबात धरले गेले नाहीत.

कपड्यांचं रेशन मार्च १९४९ मध्ये उठलं, चहाचं ऑक्टोबर १९५२ मध्ये. पण गरिबाघरच्या वस्तू मागं फारशा उरत नाहीत, त्या वापरूनच संपतात. आपल्याकडच्या गोधड्यांचंही तेच. लुगडं विरलं की गोधडीत गेलं, गोधडी विरली की पायपुसणं झालं.

म्हणून एखादं जुनं टोपडं किंवा गोधडी हाती आली, तर नक्षी नंतर पाहू. आधी तुकडे पाहू. ते किती प्रकारचे आहेत, किती विरलेले आहेत, ठिगळावर ठिगळ कुठं आहे? त्या घरात काय होतं आणि काय नव्हतं, ते तिथं कळतं.