वेचूर गोजात

वेचूर गोजात : केरळ राज्यातील खुज्या गाईंची एक दुर्मिळ जात. कोट्टयम जिल्ह्यात वैकमजवळ असलेल्या वेचूर गावावरून तिला हे नाव पडले. वेंबनाड सरोवराकाठची भातखाचरे व नारळाच्या बागा हा तिचा मूळ प्रदेश होय. पूर्ण वाढ झालेल्या गाईची उंची साधारणपणे ९० सेंमी.च्या आसपास व वजन सु. १३० किग्रॅ. असते. रंग तांबूस, काळा किंवा फिकट पिवळसर असून शिंगे लहान व बारीक असतात. जगातील सर्वांत लहान गोजातींमध्ये तिची गणना होते. माणिक्यम नावाच्या वेचूर गाईची ६१.१ सेंमी. ही उंची २०१४ मध्ये मोजली गेली व सर्वांत ठेंगणी गाय म्हणून तिची नोंद गिनेसच्या विक्रमपुस्तकात झाली.

केरळात शेतीचे सरासरी धारणक्षेत्र पाव हेक्टरपेक्षाही कमी आहे. घराभोवतीची थोडी बाग हीच तेथील पुष्कळ कुटुंबांची शेती. तीत चराऊ कुरण असण्याचा प्रश्नच येत नाही. अशा ठिकाणी नारळीखालचे गवत, बांधावरचा चारा, भाताचा पेंढा, पेज व स्वयंपाकघरातील उरलेसुरले यांवर निभावणारी गाय सोयीची ठरे. जनावराला रोज लागणारे कोरडे खाद्य त्याच्या वजनाच्या सु. अडीच टक्के धरले, तर वेचूर गाईला सव्वातीन किग्रॅ. व ४०० किग्रॅ. वजनाच्या संकरित गाईला दहा किग्रॅ. खाद्य लागते. वेचूर गाय दिवसाला दोन ते तीन लिटर दूध देते. संकरित गाय त्याच्या कितीतरी पट दूध देते, हे खरेच. परंतु त्यासाठी पेंड व वैरण विकत घ्यावी लागते. विक्रीसाठी दूध काढणाऱ्यास संकरित गाय, तर घरापुरते दूध व परसातील झाडांना शेणखत हवे असलेल्यास वेचूर गाय, अशी ही साधी निवड होती. पुढील काळात ती निवड शेतकऱ्याच्या हाती राहिली नाही.

दूध वाढविण्याच्या हेतूने केरळात संकरपैदाशीचे धोरण स्वीकारण्यात आले. १९६१ च्या केरळ पशुधन सुधारणा अधिनियमानुसार वळू पाळण्यास परवाना आवश्यक ठरला आणि परवाना नसलेल्या वळूंचे खच्चीकरण करण्याची तरतूद झाली. १९६३ मध्ये इडुक्की जिल्ह्यातील मट्टुपेट्टी येथे भारत-स्वित्झर्लंड सहकार्याने प्रकल्प सुरू झाला. तेथे ब्राऊन स्विस वळूंचा गावठी गाईंशी संकर करण्यात येऊन पुढे सुनंदिनी ही जात तयार झाली. राज्याचे दूध उत्पादन वाढले, हे या धोरणाचे यश नाकारता येत नाही. मात्र गावठी गुरे ही सुधारावयाची कच्ची सामग्री, एवढेच त्यामागचे गृहीत होते. त्यांतील एखादी जात स्वतःच्या गुणांवर राखण्याजोगी असेल, याचा विचार त्यात नव्हता. गाई जिवंत होत्या, पण त्यांना स्वजातीचा वळू मिळेना. प्रत्येक वेतागणिक वासरे संकरित होत गेली व एक-दोन पिढ्यांतच शुद्ध वेचूर जनावर दिसेनासे झाले.

त्रिशूरजवळील मन्नुत्ती येथे केरळ कृषी विद्यापीठात पशुपैदास विषयाच्या प्राध्यापिका असलेल्या सोसम्मा ऐप व त्यांचे विद्यार्थी यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वैकम परिसरात घरोघर फिरून अशा जनावरांचा शोध घेतला. हाती लागलेल्या मोजक्या गुरांपासून १९८९ मध्ये मन्नुत्तीस संवर्धनाचे काम सुरू झाले. केवळ विद्यापीठाच्या गोठ्यात राखलेली जात एखाद्या साथीत नामशेष होऊ शकते. म्हणून ती शेतकऱ्यांच्या दारी परत जाणे आवश्यक होते. या कामासाठी १९९८ मध्ये वेचूर संवर्धन न्यास स्थापन झाला. ऐप यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

आता या जातीपुढील अडचण वेगळी आहे. खुज्या गाई पाळण्याची हौस वाढल्यामुळे केवळ कमी उंचीवर भर देऊन जनावर घेतले जाण्याचा संभव असतो. परंतु ठेंगणेपणा म्हणजे वेचूर नव्हे. इतर खुज्या गुरांशी संकर झालेली वा खाद्याअभावी खुरटलेली वासरेही लहानच दिसतात. शिवाय सध्याची गुरे थोड्याच पूर्वजांपासून वाढलेली असल्याने निकटच्या नात्यातील वळू वापरला गेल्यास आंतरप्रजननाचे दोष उद्भवतात. त्यामुळे छोट्या शेतीसाठी वेचूर गाय निवडताना तिची वंशावळ आणि नात्याबाहेरच्या वेचूर वळूची किंवा त्याच्या गोठविलेल्या रेताची उपलब्धता, या दोन गोष्टी उंचीपेक्षा महत्त्वाच्या ठरतात. तशी सोय नसल्यास तिच्या पोटी पुन्हा संकरित वासरूच जन्मते.