स्वभाषेचा घण

हेवी मेटल म्हटले की कर्कश गिटार, ड्रम्सचा गडगडाट आणि इंग्रजी भाषा या तीन गोष्टी आपण गृहीत धरतो. त्याला आधारही आहे. १९७० साली बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने हा प्रकार रुजवला. पुढे जर्मनीच्या स्कॉर्पियन्सनेही इंग्रजीतूनच जगाची बाजारपेठ गाठली. म्हणूनच बर्लिनच्या 'रामस्टाइन' या सहाजणांच्या बँडचा इतिहास मला मोलाचा वाटतो. हे लोक जर्मन सोडून फारसे कशात गायले नाहीत, आणि तरीही जगाने त्यांना ऐकले. कोणत्या भाषेत बोललो तर लोक ऐकतील, हा प्रश्न दोन भाषांच्या वेशीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना नवा नाही.

सहाही जण पूर्व जर्मनीत वाढले. तिथे जाहीर कार्यक्रमासाठी वाद्यवृंदाला सरकारी परवाना लागे. कार्यक्रमात किमान साठ टक्के संगीत समाजवादी देशांतले हवे, असा नियम १९५८ पासून होता. कीबोर्डवादक फ्लाके लोरेन्त्स आणि गिटारवादक पाउल लांडर्स हे आधी 'फीलिंग बी' या पंक बँडमध्ये होते. त्या बँडची ध्वनिमुद्रिका १९८९ मध्ये 'आमिगा' या सरकारी कंपनीने काढली. त्याच वर्षी भिंत पडली, आणि पश्चिमेचा सारा बाजार दारात आला. दुसरा गिटारवादक रिचर्ड क्रुस्पे अमेरिका पाहून आला तो हे ओळखूनच, की अमेरिकनांची नक्कल करण्यात अर्थ नाही. संगीत आपल्या भाषेला साजेसे हवे. १९९४ मध्ये बँड उभा राहिला. नाव घेतले ते रामस्टाइन गावावरून. तिथल्या विमानतळावर १९८८ साली हवाई कसरतींच्या वेळी भीषण अपघात होऊन सत्तर माणसे दगावली होती. नावात एक 'म' मात्र जादा घातला.

पहिली ध्वनिमुद्रिका 'हेर्त्सेलाइड', म्हणजे हृदयव्यथा, १९९५ मध्ये निघाली. निर्माता होता स्वीडनचा याकोब हेल्नर. १९९७ च्या ऑगस्टमधली 'झेनझुख्ट', म्हणजे अनावर ओढ, ही दुसरी मुद्रिका जर्मनीच्या खपाच्या यादीत पहिली आली. तिच्यातले 'एंगेल' हे गाणे आधीच तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले होते. त्याच वर्षी डेव्हिड लिंच या दिग्दर्शकाने 'लॉस्ट हायवे' चित्रपटात त्यांची दोन गाणी घेतली, आणि अमेरिकेचे दार किलकिले झाले.

इथे एक बोलका प्रसंग घडला. परदेशी श्रोत्यांसाठी 'एंगेल' आणि 'डू हास्ट' ही गाणी इंग्रजीतही मुद्रित केली गेली. पण अमेरिकेत गाजले ते जर्मन 'डू हास्ट'च. कारण त्या गाण्याचा प्राणच श्लेषात आहे. जर्मन भाषेत 'तुझ्यापाशी आहे' आणि 'तू द्वेष करतोस' ही दोन्ही रूपे कानाला अगदी सारखी लागतात. गायक टिल लिंडेमान वाक्य अर्धवट सोडून थांबतो, तोवर ऐकणारा दोन अर्थांमध्ये लोंबकळत राहतो. लग्नाच्या शपथेशी खेळणाऱ्या गाण्यात हा संशय नेमका बसतो. इंग्रजीत नुसता द्वेष उरला आणि गंमत गेली. श्लेष न कळणाऱ्यांनाही लिंडेमानचा घोळवलेला 'र' आणि शब्दांच्या शेवटी घणासारखी पडणारी व्यंजने कळत होतीच. १९९९ मध्ये या गाण्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. अमेरिकेत 'झेनझुख्ट'च्या दहा लाख प्रती गेल्या.

पण भाषेसोबत तिचा इतिहासही येतो. कवायतीचा ठेका आणि करडे जर्मन उच्चार ऐकून अनेकांना हिटलर आठवला. त्यात १९९८ साली त्यांनी एका इंग्रजी गाण्याच्या चित्रफितीत लेनी रीफेनश्टालच्या 'ऑलिम्पिया' चित्रपटातली दृश्ये वापरली. लेनी ही नाझी राजवटीची लाडकी दिग्दर्शिका. मग गदारोळ उठणारच. त्याला उत्तर आले २००१ च्या 'मुटर' मुद्रिकेतून : आमचे हृदय डावीकडे आहे, हे त्यांनी कवायतीच्याच तालावर सांगितले. २०१९ च्या 'डॉइचलांट' गाण्यात तर देशावर प्रेम करावेसे वाटते, पण करवत नाही, ही व्यथाच विषय झाली. त्याच्या चित्रफितीत जर्मनीचे रूप घेतले आहे एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीने. गाणे जर्मनीत पहिले आले. त्या वर्षीची मुद्रिका अमेरिकेत नवव्या क्रमांकावर पोचली, तेथील पहिल्या दहांत येण्याची या बँडची ती पहिलीच वेळ.

'झेनझुख्ट'पासून २०२२ च्या 'त्साइट'पर्यंतच्या सातही स्टुडिओ-मुद्रिका जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेल्या. यातून स्वभाषा आपोआप जिंकते असा निष्कर्ष मी काढणार नाही. मागे उत्तम निर्माता होता, आगीच्या लोळांचा रंगमंच होता, थोडे नशीबही होते. पण या सहाजणांनी भाषा संगीतावर वरून चिकटवली नाही. तिच्यातूनच ठेका घडवला. आणि तिच्या इतिहासाचे ओझे उतरवून न ठेवता तेही गाण्यात घेतले. भाषेवर प्रेम करणाऱ्याला हे दुसरे काम अधिक जड जाते, असे मला वाटते.