दामोदर नाट्यगृह आणि भोईवाड्याचा रसिकसमाज

कोकणातून आणि घाटावरून उदरनिर्वाहार्थ आलेला जो श्रमिकवर्ग मुंबईतील परळ, लालबाग आणि भोईवाड्याच्या चाळींत वसला, त्याने आपल्या वळकटीबरोबर नमन, दशावतार, भजन आणि तमाशा यांची वहिवाटही आणली. परंतु नारायण मल्हार जोशी यांनी 1911 साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीग या समाजसेवी संस्थेने 1922 साली परळास दामोदर नाट्यगृह उभारले, तेव्हा या कलांस हक्काचे छप्पर लाभले. एरवी ज्यांची गणना केवळ उपकृतांत झाली असती, तेच गिरणीकामगार येथे नट आणि गायक म्हणून रंगमंचावर उभे राहिले, आणि त्यांची कला पाहावयास त्यांच्याच चाळीतील शेजारी जमले, यातच या संस्थेची खरी थोरवी आहे. लोकाश्रयाची ही परंपरा त्याहून जुनी आहे: भायखळ्याचे वस्तुसंग्रहालयही नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या पुढाकाराने, नागरिकांच्या वर्गणीतून आरंभिले जाऊन 1872 साली खुले झाले होते. 2023 साली दामोदर पुनर्विकासार्थ बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी केलेला निषेध हा या रंगमंचावरील वस्तीच्या जुन्या हक्काचा उच्चार होता. म्हणून कलासंस्थांच्या चालकांनी वस्तीतील कलावंतांस कारभारात दाखल करून घ्यावे, हौशी मंडळ्यांस परवडेल असे भाडे ठेवावे, आणि लोकाश्रयाचे हे ऋण कृतीने फेडावे.