तळटीप : कोयीची पिपाणी

७. युरोपात वसंतात वाळुंजाच्या ओल्या फांदीची साल रसामुळे अखंड सुटते. मुले तिची शिट्टी करतात. जालना जिल्ह्यात, भोकरदन-अंबडकडे, पोरांची शिट्टी उकिरड्यावर उगवते. मृगाच्या पावसात गावरान आंब्याची कोय रुजून तांबूस कोंब आला की ती उपटायची, टणक कवच सोलायचे आणि आतल्या गराचे टोक खडबडीत दगडावर तिरपे घासायचे. दोन दळांमधली फट उघडी पडली की फुंकरीने त्यांच्या कडा थरथरतात, आवाज फुटतो. जास्त घासले तर नुसती हवाच जाते. सुकल्यावर दळे आक्रसतात, म्हणून संग्रहालयात ही पिपाणी ठेवता येत नाही. ती करण्याची रीत तरी नोंदवलीच पाहिजे, म्हणून हा विस्तार.